लक्ष ठेवणं आणि लक्षात ठेवणं

एखाद्या विद्यापीठात तुमचं नाव आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. नाव म्हणजे हजेरीपटावरची एक ओळ. सर हाक मारायचे, आपण ‘येस सर’ म्हणायचो, कधी मित्राचीही लावून टाकायचो. आता मुखेडला किंवा औशाला बसलेल्या पोराचं नाव एकाच वेळी चार ठिकाणी असतं. डिग्री नांदेडच्या विद्यापीठाची. एक पेपर मद्रास आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेला. तो ज्या पोर्टलवर आहे, ते दिल्लीतल्या शिक्षण मंत्रालयाचं. परीक्षा आणखी कुठल्या शहरातल्या कॉम्प्युटर सेंटरवर. सर्टिफिकेट आलं की त्यावर लोगोंची रांग. एवढ्या संस्था मिळून एका पोराला शिकवतायत, ही लहान गोष्ट नाही. पण मला त्या रांगेकडे बघून एक प्रश्न पडतो. हा पोरगा उद्या शिकायचा थांबला, तर या लोगोंपैकी कुणाला कळेल?

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. जितके तास, तितके पैसे. ऑनलाइन कोर्स करणाऱ्या मुलांचा मेंटॉर म्हणूनही कागदावर माझंच नाव आहे. म्हणजे शिकवणारे दूर, शिकणारा इथं, आणि मधल्या जागेत मी. हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही, मी त्याच्या मधोमध उभा आहे.

आता पहिल्यांदा ऑनलाइनच्या बाजूनं जे बोलायला हवं ते बोलतो, कारण ते खरं आहे.

मराठवाड्यात शिक्षणाची पहिली अडचण अंतराची होती. निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, १९१८ साली सुरू झालेलं हैदराबादचं उस्मानिया. नांदेडच्या पोराला पुढं शिकायचं तर घर सोडायचं, हैदराबाद गाठायचं आणि उर्दूतून शिकायचं. ज्याच्या घरची ऐपत नव्हती त्याचं शिक्षण गावच्या वेशीपाशी संपायचं. निजाम गेला. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या संस्थेनं नांदेडला पीपल्स कॉलेज काढलं. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आलं. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनाला, त्यातूनच वेगळं होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचं क्षेत्र. पहिले कुलगुरू जनार्दन वाघमारे, जे त्याआधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शंभर वर्षांचा हा इतिहास एका ओळीत सांगायचा तर विद्यापीठ टप्प्याटप्प्यानं आपल्या दाराकडे सरकत आलं. हैदराबाद, औरंगाबाद, नांदेड, आणि आता खिशातला मोबाइल.

आशियात सगळीकडे हेच चाललं होतं. मुलं भरमसाठ, कॉलेजं मोजकी. दक्षिण कोरियानं १९७२ साली रेडिओवरून शिकवणारं मुक्त विद्यापीठ सुरू केलं, सुरुवातीला सोल राष्ट्रीय विद्यापीठाची शाखा म्हणून. थायलंडचं सुखोथाई थम्माथिरात १९७८ चं. भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली आपल्या शेजारी हैदराबादला निघालं. इंडोनेशियाचं १९८४ ला, इग्नू १९८५ ला. १९८७ साली अशा विद्यापीठांनी बँकॉकमध्ये एकत्र येऊन आशियाई मुक्त विद्यापीठांची संघटना स्थापन केली. दोन वर्षांनी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीदवाक्य, ‘ज्ञानगंगा घरोघरी’. त्याचं विभागीय केंद्र नांदेडलाही आहे.

हे सगळे लोक कुणाला फसवायला निघाले नव्हते. ज्यांच्यासाठी दार कधी उघडलंच नव्हतं, त्यांच्या घरापर्यंत विद्यापीठ नेणं ही न्यायाची गोष्ट होती. म्हणून ‘ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय खरं शिक्षण असतं का’ असं नाक मुरडणाऱ्यांशी माझं पटत नाही. बहुतेकदा ते नाक अशा माणसाचं असतं, ज्याच्या घरापासून कॉलेज दहा मिनिटांवर होतं.

पण या जुन्या मुक्त विद्यापीठांबद्दल एक गोष्ट आपण विसरलोय. ती मला माझ्या आत्यामुळं कळली.

आत्या अहमदपूरकडच्या एका खेड्यात राहते. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, दोन लेकरं झाली. लेकरं शाळेत जायला लागल्यावर तिनं कुणालाही न विचारता मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. आधी पूर्वतयारी, मग बी.ए. पुस्तकं घरी. अभ्यास दिवसभराची कामं उरकल्यावर. आणि काही रविवारी तालुक्याच्या कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर तास. तिच्याकडून मी बी.ए.च्या गोष्टी बऱ्याचदा ऐकल्या आहेत. त्यात कुठल्या पेपरला किती मार्क पडले हे कधीच येत नाही. येतं ते हे: ‘‘मागल्या ऐतवारी काऊन आल्या नाहीत, असं इचारलं मला मास्तरनं. आजवर कुणी इचारलं नव्हतं बाबा, सैपाक काऊन झाला नाही हे सोडून.’’

आत्याच्या या वाक्यात शिक्षणाचं एक अख्खं तत्त्वज्ञान आहे असं मला वाटतं. तिला ज्ञान मिळालं ते पुस्तकातून. ते नाशिकला छापलेलं होतं, दूर बसलेल्या अनोळखी प्राध्यापकांनी लिहिलेलं. पण ती विद्यार्थिनी झाली ती त्या प्रश्नामुळं. ती नसल्यानं जगात कुठंतरी एक जागा रिकामी दिसली होती.

त्या मुक्त विद्यापीठांना हे माहीत होतं. म्हणून पोस्टानं आणि रेडिओवरून शिकवूनसुद्धा त्यांनी जवळचं टोक सोडलं नाही. इंडोनेशियासारख्या हजारो बेटांच्या देशात तिथल्या मुक्त विद्यापीठानं प्रांताप्रांतात कार्यालयं काढली आणि तिथल्या सरकारी विद्यापीठांतल्या शिक्षकांची मदत घेतली. आपल्याकडे गावोगावच्या कॉलेजांत अभ्यासकेंद्रं झाली. अभ्यास दुरून यायचा, माणूस जवळचा असायचा. ‘दूरशिक्षण’ या शब्दात फक्त पहिलीच गोष्ट राहिली, दुसरी गाळली गेली.

मग इंटरनेट आलं.

आशियातल्या विद्यापीठांनी इंटरनेटवरून एकत्र शिकवण्याचा एक जुना प्रयोग जपानचा. २००१ च्या सुमारास केओ विद्यापीठातल्या लोकांच्या पुढाकारानं ‘स्कूल ऑन इंटरनेट एशिया’ सुरू झालं. तेव्हा आग्नेय आशियातल्या अनेक विद्यापीठांत धड इंटरनेट नव्हतं. म्हणून जपानमधला तास उपग्रहावरून थेट पाठवायचा आणि त्या त्या देशातली मुलं एका वर्गात जमून तो बघायची. यातली तांत्रिक रचना मला फार बोलकी वाटते. बऱ्याच ठिकाणी बसवलेली यंत्रणा फक्त घेणारी होती. चित्र आणि आवाज उपग्रहाच्या रुंद वाटेनं यायचे, आणि प्रश्न विचारायचा तर तो तिथल्या साध्या, सावकाश इंटरनेटच्या अरुंद वाटेनं परत जायचा. पैसे कमी होते, तंत्रज्ञान तसंच होतं, त्यामुळं तक्रारीला जागा नाही. पण आज वाट रुंद झाली तरी रचना तीच राहिली आहे का, हे बघायला हवं.

भारतात २००३ साली सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था एकत्र आल्या आणि एनपीटेल सुरू झालं. आपले तास त्यांनी सगळ्या देशासाठी खुले केले. उदगीरच्या इंजिनिअरिंगच्या पोराला आयआयटीचा तास फुकट बघायला मिळणं, हे त्याच्या आधीच्या पिढीनं स्वप्नातही बघितलं नव्हतं. २०१७ साली स्वयम पोर्टल आलं. यूजीसीनं २०१६ मध्ये एका सत्राची वीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स अशा कोर्समधून घ्यायला परवानगी दिली होती, २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर गेली. चाळीस टक्के म्हणजे जवळपास निम्मं कॉलेज. आता हा आवडीचा जोडधंदा राहिलेला नाही. डिग्रीचा निम्मा भार दूरच्या माणसावर टाकायची मुभा नियमातच आहे.

अशा कोर्सांचं पुढं काय होतं? याबाबत एक मोठा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. हार्वर्ड आणि एमआयटीच्या सहा वर्षांतल्या ऑनलाइन कोर्सांचा. नोंदणी केलेल्यांपैकी बावन्न टक्के लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांनीच कोर्स पूर्ण केला. पैसे भरून सर्टिफिकेटसाठी बसलेल्यांत हा आकडा सेहेचाळीसवर जातो. आता यात सगळे सोडून गेलेले म्हणजे हरलेले, असं मानणं चूक आहे. कित्येक जण नुसते डोकावायला येतात, हवं तेवढं बघून जातात. पुस्तकाच्या दुकानात पानं चाळून बाहेर पडणाऱ्याला कुणी नापास म्हणत नाही.

मला छळतं ते वेगळंच. सोडून गेलेल्यांमध्ये डोकावायला आलेला कोण आणि शिकायचंच होतं पण जमलं नाही असा कोण, हे त्या यंत्रणेला सांगता येत नाही. तिच्या लेखी दोघांची रेघ सारखीच तुटते.

आणि तिला दिसत नाही असं थोडंच आहे? उलट तिला सगळं दिसतं. कोणता व्हिडिओ किती मिनिटांवर थांबवला, कोणतं उत्तर किती वाजता दिलं, किती वेळा लॉगिन केलं. २०२० साली घरून परीक्षा झाल्या तेव्हा काही परीक्षांत मोबाइलचा कॅमेरा आपल्या डोळ्यांची हालचालसुद्धा बघत होता. माणसाच्या इतिहासात विद्यार्थ्यांवर एवढं बारीक लक्ष कधी ठेवलं गेलं नसेल.

इथं आपली भाषा मदतीला येते. मराठीत ‘लक्ष ठेवणं’ आणि ‘लक्षात ठेवणं’ यांच्यात एका ‘त’चा फरक आहे. लक्ष पोलीस ठेवतो, राखणदार ठेवतो, सीसीटीव्ही ठेवतो. लक्षात आई ठेवते, मित्र ठेवतो, आत्याचा मास्तर ठेवतो. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो समोर असावा लागतो, नजरेआड झाला की काम संपलं. लक्षात ठेवण्याची कसोटी मात्र माणूस समोर नसतानाच लागते.

मग नाव नोंदवण्याचा अर्थ काय, याचं माझं उत्तर असं आहे. तुमच्या नसण्याची कुणालातरी चुकचुक लागेल, हे संस्थेनं दिलेलं वचन म्हणजे प्रवेश. शिकवणं, परीक्षा, सर्टिफिकेट हे सगळं त्यानंतर. ज्या संस्थेला तुमची उणीव भासूच शकत नाही, तिनं तुमचं नाव लिहून घेतलंय, तुम्हाला घेतलेलं नाही.

हे फार हळवं वाटत असेल तर एका मुलाबद्दल सांगतो.

आमच्या कॉलेजातून एका ऑनलाइन कोर्सला काही मुलं बसली होती. त्यातला एक हुशार, बारा आठवड्यांपैकी नऊ आठवड्यांच्या असाइनमेंट वेळेत भरलेला. दसरा झाला आणि त्याच्याकडून यायचं बंद झालं. माझ्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढं एकच वाक्य दिसत होतं, ‘सबमिट केलेलं नाही’. ही माहिती खरी होती आणि तिच्यातून काहीच कळत नव्हतं. कळलं ते आमच्या शिपाई मामांकडून. ‘‘सर, त्यांची टोळी गेली की. मुकादमाची उचल घेतली होती बापानं.’’ मामांना कोर्स काय असतो ते माहीत नाही. पण सकाळी गेट उघडताना रोज पहिला येणारा पोरगा चार दिवस दिसला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मामांनी मुकादमाचा नंबर मिळवून दिला. मी फोन लावला. पोरगा सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याशा फडात होता. ‘‘सर, मी म्हणलं कोण फोन करायलंय!’’ कोर्सची परीक्षा त्याला देता आली नाही, केंद्र बदलायची मुदत कधीच उलटून गेली होती. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. बापाला कर्ज होतं, मुदत सगळ्या देशासाठी एकच होती, ऊस कुणासाठी थांबत नाही. मार्चअखेर तो परत आला आणि विद्यापीठाच्या परीक्षेला बसला. तेव्हा म्हणाला, ‘‘फोन आला तवा बापानं इचारलं कोण हाय. कालिजातले सर हायत म्हणलं. बाप म्हणला, म्हंजे तुझं नाव हाय अजून. पेपराला जा मग.’’

त्या बापाला नाव असण्याचा अर्थ आपल्या सगळ्या नियमावल्यांपेक्षा नीट कळला होता. कुणीतरी फोन करतं, म्हणजे नाव आहे.

आता माझ्या म्हणण्यावर आक्षेप आहेत, आणि पहिला तर मला स्वतःलाच गप्प करणारा आहे.

कुणाच्या लक्षात येणं हे नेहमी सुखाचं असतं का? ज्या वर्गात आडनाव विचारून नजर बदलते, तिथं ‘हा आज का आला नाही’ यापेक्षा ‘हा इथं कशाला आला’ हाच प्रश्न जास्त ऐकू येतो. मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावावरून काय घडलं, ते आपल्या घरातल्या मोठ्यांना आठवतं. १९७८ साली विधिमंडळानं ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. अशा प्रदेशात मोबाइलची स्क्रीन एक मोठी सोय देते. ती आडनाव विचारत नाही, कुठं बसायचं ते सांगत नाही. मुलींचंही तसंच. गावात जिच्या येण्या-जाण्याची नोंद चार ओटे ठेवतात, तिला कुणाच्याही नजरेत न येता शिकता येणं ही सुटका वाटली, तर तिला चूक कोण म्हणणार?

हे मी मान्य करतो. अदृश्य असण्यात स्वातंत्र्य असतं. पण ओट्यावरची माणसं आणि अपमान करणारा वर्ग काय करतात? लक्ष ठेवतात. त्यावरचा उपाय कुणाच्याच लक्षात नसणं हा होऊ शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा व्याख्यानांच्या खोल्यांबरोबर वसतिगृहांचाही विचार केला. लांबून आलेल्या मुलाला राहायला, जेवायला, अभ्यासाला जागा हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. जिथं नजर टोचते तिथून माणसाला बाहेर काढायचं, आणि जिथं त्याची आठवण राहील अशी जागा त्याच्यासाठी बांधायची. स्क्रीन पहिलं काम चांगलं करते. दुसरं तिला येत नाही.

दुसरा आक्षेप लातूरकर घेतील. लक्षात ठेवायचं म्हणता, आमच्याकडे तर पोरांची इतकी काळजी घेतात की पोरं दमतात. लातूर पॅटर्न उभा राहिला तो जादा तास, सराव परीक्षा आणि प्रत्येक मुलाच्या मार्कांचा पाठपुरावा यांच्यावर. मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या कॉलेजांना मागं टाकून इथल्या मुलांनी गुणवत्ता यादीत जागा पटकावल्या, त्याचा अभिमान मलाही आहे. पण आज ट्युशन एरियातून चालताना बघा. फ्लेक्सवर पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात, बाराव्या महिन्यात सामान बांधून गावी परत गेलेल्याचा कुठंच नसतो. वर्गात पोरगा नसला की बापाला मिनिटात मेसेज जातो. मेसेज मशीन पाठवतं. गैरहजेरी कळते, पोरगा कळत नाही. म्हणजे हा रोग फक्त ऑनलाइनचा नाही. चार भिंतींचं कॉलेजसुद्धा नुसतं लक्ष ठेवणारं होऊ शकतं, आणि पोस्टानं चालणारं विद्यापीठसुद्धा लक्षात ठेवणारं असू शकतं. रेघ ऑनलाइन आणि ऑफलाइनच्या मध्ये नाही, या दोन क्रियापदांच्या मध्ये आहे.

तिसरा आक्षेप: ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो. नांदेडमध्ये याचं उदाहरण द्यायला कुणी लांब जात नाही. नरहर कुरुंदकर. इंटरच्या परीक्षेत नापास झालेला हा माणूस पुढं महाराष्ट्रातला मोठा विचारवंत झाला आणि पीपल्स कॉलेजचा प्राचार्यही. पण कुरुंदकरांना एकट्यानं वाढलेलं झाड समजणं बरोबर नाही. हैदराबादेत त्यांचे मामा, मराठीचे अभ्यासक नांदापूरकर होते. नांदेडमध्ये शाळा, कॉलेज, चळवळीतली माणसं होती. परीक्षेनं त्यांना नाकारलं तरी माणसांनी नाकारलं नव्हतं. असामान्य माणसालाही एवढं लागलं असेल, तर आपल्यासारख्यांनी ‘स्वतःचं स्वतः शिका’ हा सल्ला जपून ऐकावा. तो बहुधा देणाऱ्याच्या सोयीचा असतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा. लाखो मुलं, प्रत्येकाला कोण लक्षात ठेवणार? आयआयटीतल्या प्राध्यापकानं मुखेडच्या पोराची आठवण ठेवायची का?

नाही. आणि इथंच विद्यापीठांच्या सहकार्याला खरा अर्थ येतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. देशभर बातम्या झाल्या, डब्यांचे फोटो आले. पण स्टेशनात आलेलं पाणी म्हणजे घागरीत आलेलं पाणी नव्हे. ते शुद्धीकरणाला गेलं, टँकरमध्ये भरलं, गल्लीत आलं. गल्लीत कुणाकडे म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाला रांगेत उभं राहता येत नाही, हे रेल्वेला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते गल्लीला माहीत होतं. रेल्वेशिवाय भागलं नसतं आणि गल्लीशिवायही.

दूरच्या विद्यापीठानं उत्तम शिकवावं, जवळच्यानं लक्षात ठेवावं, ही कामाची वाटणी आहे. तिच्यात दुसरा भाग हलका नाही. पण आपल्या करारांत, कार्यक्रमांत, सहकार्याच्या घोषणांत पहिल्याच भागाला ‘शिक्षण’ म्हणतात. दुसऱ्याला ‘केंद्र’ म्हणतात. केंद्र म्हणजे फॉर्म भरायची खिडकी. एनपीटेलनं गावोगावच्या कॉलेजांत स्थानिक शाखा काढल्या, तिथं एक समन्वयक असतो, कोर्सला मेंटॉर असतो. म्हणजे बी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं तर छोटे छोटे धडे मराठीत आणून कॉलेजांच्या लॅबमध्येच मुलांना एकत्र बसवून शिकायची सोय केली. वाट माहीत नाही असं नाही.

उरतं ते या दुसऱ्या भागाला मोल देणं. मेंटॉरचा फोन हा कुठल्याच तासिकेत मोजला जात नाही. जो शिक्षक दर वर्षी स्वतःच नेमणुकीची वाट बघतो, जून उजाडला की आपलं नाव यादीत आहे का ते बघायला जातो, त्याच्याकडून आपण दुसऱ्यांची नावं लक्षात ठेवण्याची अपेक्षा करतोय. ज्याला संस्थेनं लक्षात ठेवलेलं नाही, तो संस्थेच्या वतीनं किती दिवस लक्षात ठेवील?

म्हणून दोन, पाच, दहा विद्यापीठं एकत्र येऊन ऑनलाइन शिकवणार असं ऐकलं, की मी आता किती कोर्स आहेत ते विचारत नाही. माझे प्रश्न तीन आहेत. नोंदवलेल्या प्रत्येक नावामागं, ते नाव आठ दिवस दिसलं नाही तर अस्वस्थ होईल असा एक जिवंत माणूस जवळपास आहे का? त्या माणसाला त्या कामाचे पैसे मिळतात का? आणि त्याला वरच्या बाजूला काही कळवता येतं का, म्हणजे ‘आमच्याकडे दसऱ्यानंतर टोळ्या जातात, परीक्षेची तारीख किंवा केंद्र बदला’ असं तो म्हणाला तर ते ऐकायची वाट त्या यंत्रणेत आहे का? ही परतीची वाट नसेल तर ते सहकार्य नाही. एक बोलतो, बाकीचे आवाज वाढवतात, एवढंच.

तुम्ही हे मोबाइलवर वाचताय. तुमच्यापैकी कित्येकांचं एखादं नाव कुठल्यातरी पोर्टलवर अर्ध्यात अडकून पडलं असेल. त्याबद्दल स्वतःला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, थांबलो तेव्हा कुणी हाक मारली होती का? नसेल, तर सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका. आणि तुमच्याबरोबर ज्यानं नाव नोंदवलं होतं आणि जो हल्ली दिसत नाही, असा कुणी आठवत असेल, तर त्याला फोन करा. विद्यापीठं आपली वाट रुंद करतील तेव्हा करतील. नाव अजून आहे, एवढं सांगायला तुमचा एक फोन पुरतो.